आरशातली टिकली

बसा रे. हातगाडी निघाल्याशिवाय तुमची गाडी काही या गल्लीतून पुढे सरकायची नाही. आणि तू तो हॉर्न सोड आता बाबा. किती वेळ दाबून धरलास! हातगाडीवाल्याला काय पंख फुटणार आहेत? त्याच्याही पाठीला घाम आहे.

चहा सांगितलाय. तुमचं सीट कव्हर शिवून व्हायला अजून तासभर लागेल. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले, आता कसबा पेठेत माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक यायचं नाही. तोवर एक सांगतो. ऐकीव नाही हं. ज्यांच्या बाबतीत घडलं, ते तुम्ही बसलाय त्याच बाकावर बसून मला सांगून गेले. सांगताना दोनदा पाणी प्याले.

श्यामसुंदरराव त्यांचं नाव. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. एका कचेरीत हेडक्लार्क होते. माणूस सोन्यासारखा, पण राग नाकाच्या शेंड्यावर. दूधवाल्याला पाच मिनिटं उशीर झाला तर हातात घड्याळ धरून जिन्यात उभे राहायचे. दारावर पाटी होती : ‘बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.’ एका पोस्टमनने दोनदा वाजवली, तर त्याला आत बोलावून, खुर्ची देऊन, पाटी मोठ्याने वाचायला लावली होती. दुसऱ्याने आपल्याला घाई केली की त्यांच्या डोक्यात वीज पडायची. तेवढं एक लक्षात ठेवा.

पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी गाडी शिकायचं काढलं. बायको मंदाकिनीताई म्हणाल्या, “अहो, आता कशाला? आयुष्य स्कूटरवर गेलं की.” ते म्हणाले, “लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. तिला काय स्कूटरवरून आणू?” झालं. शिकले, परवाना मिळाला, आणि एका ड्रायव्हिंग स्कूलने काढून टाकलेली मारुती विकत घेतली. पांढरी. दारावरचं शाळेचं नाव खरवडलं होतं, तरी उन्हात तिरकं पाहिलं की दिसायचं.

शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक असतो, माहीत आहे ना? शिकणारा चुकला की शेजारचा मास्तर पाय देतो. मेकॅनिकने त्या डाव्या पेडलची सळई काढून घेतली. पेडल मात्र तसंच ठेवलं, कारण ते काढलं असतं तर गंजलेल्या पत्र्याला भोक पडलं असतं. म्हणजे पेडल नुसतं शोभेचं. दाबलं तर खाली जायचं, सोडलं तर वर यायचं. ब्रेकशी त्याचा संबंध उरला नव्हता. मी स्वतः वाकून पाहिलंय. खाली काहीसुद्धा जोडलेलं नव्हतं.

मग गाडी आली माझ्याकडे, गाद्या करायला. आणि उजव्या बाजूच्या आरशावर श्यामसुंदररावांना दिसली एक टिकली. मरून रंगाची, हरभऱ्याच्या डाळीएवढी, काचेच्या बरोबर मधे.

“मेहबूब, हे काय? आरशाला कुंकू?”

मी म्हटलं, “साहेब, ती मच्छिंद्रची खूण आहे.”

मच्छिंद्र त्या गाडीवरचा मास्तर. अकरा वर्षं त्याच गाडीवर शिकवलं त्याने. गाद्या शिवायला माझ्याकडेच यायचा. गाडीत बसताना चप्पल काढून मागे ठेवायचा. म्हणायचा, तळव्याला गाडी कळली पाहिजे. तोंडात सदा बडीशेप. आवाज कधी चढवायचा नाही. अकरा वर्षांत किती जणांनी त्याची गाडी भिंतीला लावली असेल, पण हा आपला म्हणायचा, “हरकत नाही. भिंत कुठे पळून जात नाही. पुन्हा.”

ती टिकली त्याच्या बायकोच्या पाकिटातली. मथुराबाईच्या. नवीन माणसाला सगळ्यात अवघड काय जातं, सांगा बरं? घाट नाही, गर्दी नाही. बाजूच्या रस्त्यावरून हायवेवर शिरणं. मागून वाऱ्यासारख्या गाड्या येत असतात, आणि आरशात कोणती जवळ, कोणती लांब, नव्याला काही म्हणजे काही उमगत नाही. म्हणून मच्छिंद्रने ही युक्ती काढली. तो सांगायचा, “डोळे टिकलीवर ठेवा. मागचा दिवा टिकलीमागे झाकला गेला, तर तो अजून लांब आहे. गाडीला वेग द्या आणि जा. दिवा टिकलीबाहेर सांडला, तर ती वेळ आपली नाही. त्याला जाऊ द्या. मागचे कितीही बोंबलू देत.”

हे सगळं मी श्यामसुंदररावांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे मी हायवेवर जायचं ते टिकलीला विचारून? मी हेडक्लार्क आहे मेहबूब, नवरी नाही.” आणि नखाने खरवडून टाकली. वर रॉकेलचा बोळा फिरवला. काच लख्ख झाली. टिकली इथे, या पायरीपाशी पडली, आणि संध्याकाळी केरात गेली.

पुढे मच्छिंद्रचं काय झालं, ते मी बोललो नाही. घेतलेल्या गाडीचं वाईट सांगू नये अशी आमच्या धंद्यात रीत आहे. त्या रीतीपायी मी गप्प बसलो. ते माझ्या मनाला अजून लागतं.

महिन्याभराने साहेब पुन्हा आले. “मेहबूब, डावी गादी बसली. कसला फोम घातलास?”

मी पाहिलं. आता मला अक्षर वाचता येत नाही, पण गादी वाचता येते. चाळीस वर्षं तेच केलंय. त्या गादीवर एका मोठ्या माणसाचं वजन बसलेलं होतं. रोज, तासन् तास. तेही मागे रेलून नाही. पुढे सरकून, कडेवर. एक पाय लांब करून बसलं की पडतो ना, तसा खड्डा.

“डावीकडे कोण बसतं साहेब?”

“कोणी नाही. ही मागेच बसते. म्हणते, पुढे बसलं की तुमचं तोंड दिसतं.”

“मग पिशव्या ठेवत असाल,” मी म्हटलं. नवा फोम भरून दिला. आणखी काय करणार?

तर आता ती रात्र. दोन हजार अकरा साल. नोव्हेंबरची अठरा तारीख, शुक्रवार. कार्तिक वद्य अष्टमी. चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवणार नव्हता.

संध्याकाळी श्यामसुंदरराव वाकडला निघाले ते करंज्यांचा डबा घेऊन. लेक श्यामला तिकडे दिलेली, तिला आठवा लागला होता, आणि तिला आईच्या हातच्या ओल्या नारळाच्या करंज्या खाव्याशा वाटत होत्या. मंदाकिनीताईंचे गुडघे धरले होते, म्हणून त्या घरीच राहिल्या. जिन्यातून म्हणाल्या, “अहो, औंधवरून जा. हायवेच्या वाटेला जाऊ नका.”

“मला कळतं.”

“कळतं हो. पण हाताला कळायला अजून वेळ आहे.”

ते निघाले. गाडी सावकाश हाकत, औंधवरून, गल्ल्या धरत, दीड तासात पोचले. वाटेत चारच जणांनी हॉर्न मारला. त्यांनी मोजले होते.

वाकडला जावई नव्हता, श्रीनिवास. कामासाठी बंगळूरला गेला होता. घरी श्यामला आणि तिच्या सासूबाई, सुहासिनीबाई. जेवायला बसले. पहिला भात झाला. श्यामसुंदरराव सहज म्हणाले, “येत्या रविवारी श्यामलाला न्यायला येतो.”

विहीणबाईंचा वाढता हात थांबला. “कशातून?”

“कशातून म्हणजे? गाडी आहे ना.”

“ती? दारावर अजून शाळेचं नाव दिसतं तिच्या. मला वाटलं, तुमची शिकवणी चालूच आहे.”

श्यामला म्हणाली, “आई, असू दे ना.”

“अगं, मी काळजीने बोलते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. इथे दवाखाना समोर आहे. बाळंतपण इथेच करायचं असं श्रीनिवासशी बोलणं झालंय.”

“माझ्याशी झालेलं नाही,” श्यामसुंदरराव म्हणाले.

“तुमच्याशी काय बोलायचं? तुम्ही पाटी वाचायला लावाल.”

ताटात आमटी होती. ती तशीच राहिली. श्यामसुंदरराव उठले, हात धुतले, टॉवेलला हात न लावता रुमालाने पुसले. तिथेच श्यामलाने ओळखलं.

“पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आमच्याकडे ते कोणाला विचारून ठरत नाही. ऊठ श्यामला. पिशवी भर. आत्ता निघायचं.”

“बाबा, आत्ता? दहा वाजून गेले…”

“आत्ता म्हणजे आत्ता!”

भांड्यांच्या मांडणीवरचा पेला खणखणला म्हणे, एवढा आवाज. बिचारी पोर काय करणार? एकीकडे सासू, दुसरीकडे बाप, आणि पोटात आठ महिन्यांचा जीव. तिने चार कपडे भरले. दारात पायात चप्पल सरकवत होती तेव्हा सुहासिनीबाई शांतपणे म्हणाल्या,

“सावकाश जा. आलात तसेच, गल्लीबोळांतून. हायवेवर चढायची भीती वाटते म्हणे तुम्हाला. श्रीनिवास सांगत होता.”

काही काही वाक्यं माणसाच्या पाठीत खिळा ठोकल्यासारखी बसतात. श्यामसुंदरराव खाली आले. लेकीला मागच्या सीटवर उशीला टेकवून आडवं केलं. गाडी सुरू केली, आणि औंधकडे वळायचं ते वळले नाहीत. हायवेच्या बाजूला निघाले.

“बाबा, इकडून कुठे?”

“इकडून लवकर पोचतो. अर्ध्या तासात घरी. बघतोच आता कोण म्हणतं भीती वाटते!”

रात्रीचे दहा वाजून चाळीस मिनिटं. समोरच्या घड्याळात त्यांनी पाहिलं होतं.

वाकडहून आपल्याकडे यायचं तर आधी बाजूचा अरुंद रस्ता लागतो, हायवेच्या कडेकडेने जाणारा. पुढे एके ठिकाणी तो हायवेला मिळतो. तिथे तोंड आहे. एका वेळी एकच गाडी मावेल एवढं. श्यामसुंदररावांचे हात स्टिअरिंगवर घट्ट. दात दातांवर. मनातल्या मनात विहीणबाईंना उत्तरं देणं चाललेलं. एक उत्तर झालं की दुसरं, आणखी जहाल.

मधेच त्यांना वास आला.

“श्यामला, बडीशेप खाल्लीस का?”

“नाही बाबा. मला पण येतोय.”

त्यांनी काच खाली केली. बाहेरून डिझेलचा वास आला. आतला बडीशेपेचा वास तसाच राहिला.

तोंडाशी आले आणि थांबले.

शुक्रवारची रात्र. मालाच्या गाड्या एकामागे एक. ट्रक, टँकर, कंटेनर, मधूनच एखादी बस. गाडी शेजारून गेली की ही आपली मारुती पाळण्यासारखी हलायची. उजव्या आरशात दिवेच दिवे. जवळचा कुठला, लांबचा कुठला? सगळे सारखेच. श्यामसुंदरराव पुढे झाले… ब्रेक. पुन्हा पुढे… ब्रेक. गाडी बंद पडली. सुरू केली. पुन्हा बंद पडली.

आणि मागून हॉर्न वाजला.

एक जीप होती. उंच, वर चार दिवे लावलेली. तिच्यामागे दुसरी गाडी. तिच्यामागे आणखी. तोंड अरुंद, मागे जायला वाट नाही, पुढे जायचा धीर नाही. जीपवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मग बाकीच्यांनीही धरला. आता तूच सांग, मघाशी धरला होतास तू. कुणाला उद्देशून वाजवत होतास? दिसतच नाही ना पुढचा माणूस? तसंच. पुढे एक नवखा बाप आहे, मागे आडवी झालेली त्याची पोटुशी लेक आहे, हे त्यांना कुठे दिसतंय?

श्यामसुंदररावांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. दारावर दोनदा बेल वाजवलेली ज्यांना चालत नाही, त्यांच्या पाठीवर पाच-सहा हॉर्न एकदम.

आता तुम्हाला ते सांगतो, जे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

याच तोंडाशी. त्या रात्रीच्या चार वर्षं आधी. हीच गाडी. शिकाऊ म्हणून एक मुलगी बसली होती, विशीतली, कॉलेजातली. तिची गाडी अशीच बंद पडली. मागून असेच हॉर्न. पोरगी रडायला लागली. मच्छिंद्र म्हणाला, “हरकत नाही. टिकली बघ.” पण मागच्याने शिवी दिली. आईवरून. त्या पोरीला.

अकरा वर्षांत मच्छिंद्रला राग आला नव्हता. त्या दिवशी आला. तो दार उघडून उतरला. अनवाणीच. मागे जाऊन त्या माणसाची कॉलर धरली. आणि इकडे गाडीत पोरगी एकटी. मागे आरडाओरडा ऐकून तिचा पाय क्लचवरून सुटला. गाडीने उडी घेतली, हायवेच्या कडेला जाऊन बंद पडली. तिला ओढून घ्यायला मच्छिंद्र धावला…

टँकर होता.

मुलगी वाचली. तिला ओरखडासुद्धा आला नाही. लोक म्हणतात, मच्छिंद्र टँकरखाली गेला. मी म्हणतो, रागाखाली गेला. त्याने ब्रेकवरून पाय काढला. एकदाच.

चहा आला. घ्या. …नको? बरं, राहू दे.

तर श्यामसुंदरराव तिथे अडकलेले. तेवढ्यात मागच्या जीपमधून माणूस उतरला. आला, आणि मारुतीच्या डिकीवर धाडकन हात मारला.

“ए म्हाताऱ्या! गाडी येत नाही तर बैलगाडी घे ना! का पोरीच्या बारशाला पोचणार आहेस इथून?”

डिकीवरचा तो हात श्यामलाच्या डोक्यामागे बसला. ती दचकून ओरडली. पोटाला हात लावला.

झालं. श्यामसुंदररावांच्या डोळ्यांपुढे लाल झालं. त्यांनी दाराची मूठ धरली. त्या माणसाला खाली पाडायचं, तुडवायचं, तोंड फोडायचं, एवढंच डोक्यात. दार उजवीकडचं. पलीकडे दोन हातांवरून ट्रक चाललेले. ते त्यांना दिसतच नव्हते.

“बाबा, उतरू नका.”

“तू गप्प बस.”

“मी नाही बाबा… हे काका म्हणतायत.”

मूठ हातात तशीच राहिली.

“कोण काका?”

“हे. पुढे बसलेत ते.”

श्यामसुंदररावांनी डावीकडे पाहिलं.

सीट रिकामी होती.

रिकामी. पण जीपचे दिवे मागच्या काचेतून आत आले होते, त्या उजेडात गादी दिसत होती. नवा फोम होता. मीच भरला होता. तो दबलेला होता. पुढच्या कडेवर… आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी थोडा दबला. कोणी सरकून बसावं तसा.

त्यांनी दाराच्या मुठीवरचा हात काढला.

मग पुन्हा डिकीवर हात. पुन्हा हॉर्न. पुन्हा शिवी. या वेळी लेकीवरून.

आणि राग असा असतो बघा, तो भीतीलासुद्धा खाऊन टाकतो. श्यामसुंदरराव ओरडले, “घ्या! जातो! घ्या!” गाडी सुरू करून पहिला गिअर टाकला. आरशात पाहिलं नाही. मान वळवली नाही. ॲक्सिलरेटर तळाला दाबला. गाडीने उडी घेतली.

आणि डावीकडचं पेडल खाली गेलं.

आपोआप.

पार तळाला.

गाडी जिथल्या तिथे थांबली. भिंतीवर आपटावी तशी. श्यामसुंदररावांची छाती स्टिअरिंगवर बसली. श्यामला मागे पुटपुटली, “आई गं…” आणि त्याच क्षणी समोरून, बॉनेटपासून हातभर अंतरावरून, एक कंटेनर गेला. मागचे-पुढचे दिवे बंद असलेला. नुसता काळोख… लांबच लांब काळोख… संपता संपेना.

गेला.

मागचे हॉर्न थांबले होते. जीपवाला हात डिकीवरच ठेवून उभा राहिला होता. त्यानेही पाहिलं होतं. तो मागे सरला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

श्यामसुंदररावांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. अजून. त्यांच्या ब्रेकला पाय लागलाच नव्हता. गाडी गुरगुरत होती, पण जागची हलत नव्हती. डावं पेडल तळाला. वर काहीही नाही.

बडीशेपेचा वास.

“श्यामला…” ते मान न वळवता म्हणाले. “ते… आहेत?”

“हो.”

“काय… करतायत?”

ती कोपरावर रेलून जरा उठली. मग हळू म्हणाली, “ते म्हणतायत, हरकत नाही.”

…

“म्हणतायत, पुन्हा.”

…

“बाबा, टिकली बघा म्हणतायत. कसली टिकली?”

तिला ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलं असणार? आरशावरची ती टिकली त्या पोरीने कधी पाहिलीच नव्हती.

श्यामसुंदररावांनी मान वळवली. आरशाकडे पाहिलं. एक दिवा आला. मोठा. गेला. दुसरा. मोठा. गेला. त्यांनी पायाचा जोर सोडला. श्वास सोडला. आयुष्यात पहिल्यांदा असेल, पण मागे रांग लागली होती आणि ते थांबून राहिले. तिसरा दिवा. चौथा. मागे कोणी हॉर्न वाजवला नाही.

मग आरशात खूप लांब एक बारीक ठिणगी आली.

आणि झाकली गेली.

कशामागे? लख्ख काच होती. तरी ती ठिणगी कशाच्या तरी मागे गेली. गोल. मधोमध.

डावं पेडल सावकाश वर आलं.

गाडी निघाली. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. कडेच्या पट्टीवरून वेग घेत, इंडिकेटर देत, तेलात बोट फिरावं तशी हायवेत मिसळली. श्यामसुंदरराव म्हणायचे, “मेहबूब, तशी गाडी मी त्याआधी कधी चालवली नव्हती. नंतरही नाही.” चांदणी चौक मागे पडला. कोथरूडला येईतो श्यामलाला झोप लागली होती. डावीकडे पाहायचं धाडस त्यांना झालं नाही. फक्त चढावर गाडी दमली की डाव्या बाजूची गादी करकरायची. एवढंच.

साडेअकराला सदाशिव पेठेत. मंदाकिनीताई गुडघे विसरून तीन जिने उतरून आल्या. लेकीला कवेत घेतलं, आणि नवऱ्यावर कडाडल्या, “हायवेने आणलीत? हिला? या वेळी? लाज नाही वाटत?”

श्यामसुंदररावांनी खाली मान घालून लेकीची पिशवी उचलली.

श्यामलाच म्हणाली, “आई, चिडू नको ना. पुढे काका होते. ते सांगत होते बाबांना.”

“कोण काका? आणि कुठे उतरले?”

झोपेतच होती पोर. म्हणाली, “उतरले नाहीत. मी म्हटलं, तुमचं घर आलं की सांगा. तर म्हणाले… आता मी उतरत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानाची फळी उघडतोय तोच श्यामसुंदरराव गाडी घेऊन दारात. या बाकावर बसले. सगळं सांगितलं. मग मी त्यांना मच्छिंद्रचं सांगितलं. ते ऐकून पुष्कळ वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिले. दाराची मूठ धरलेल्या त्या हाताकडे.

आम्ही दोघांनी वाकून पेडल पाहिलं. खाली सळई नाही, तार नाही. दाबलं, गेलं खाली. सोडलं, आलं वर. सैल. गादी मी पाहिली नाही. पाहायची गरज नव्हती.

मग ते उठून उजव्या बाजूला गेले, आणि तिथेच थांबले. “मेहबूब,” म्हणाले. “इकडे ये.”

आरशाच्या बरोबर मधे टिकली होती. मरून. हरभऱ्याच्या डाळीएवढी.

त्यांनी नखाने खरवडली. निघाली नाही. मी पुढे झालो. माझं नख बघा, चाळीस वर्षं टाके उसवतंय, कातडंसुद्धा सोडवतं. मी खरवडली. नख काचेवरून नुसतं घसरत गेलं. कडच लागेना.

मग मी काचेवर बोट फिरवलं.

टिकली काचेवर नव्हती. काचेच्या आत होती.